खुंटीवरचा डफ

2010 सालच्या मार्च महिन्यात आमच्या लोणी देवकरमध्ये एक वाद पेटला. वाद पाण्याच्या पाळीचा नव्हता आणि बांधाचाही नव्हता. येत्या एक मेला महाराष्ट्राला पन्नास वर्षं पुरी होणार होती. गावातल्या पोरांच्या मनात आलं, की त्या रात्री गावचं जुनं कलापथक पुन्हा उभं करायचं. मूळ नऊ जणांपैकी चारच हयात होते, चौघंही सत्तरीच्या पुढचे. त्यातले एक माझे अब्बा.

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या चहाच्या हॉटेलात रोज संध्याकाळी या विषयाची पंचायत भरू लागली. पोरांचं म्हणणं सरळ होतं. आम्ही लहानपणापासून नुसतं ऐकत आलोय, की आमच्या गावात असे शाहीर होते, तसे शाहीर होते. एकदा डोळ्यांनी बघू द्या. त्यांच्या विरोधात उभे राहिले ते मात्र कलापथकाचे सर्वांत जुने चाहते. निवृत्त झालेले आमचे मास्तर त्यांत पुढे होते. ते म्हणाले, "सत्तावन्न साली ह्यांचा आवाज मी ऐकलाय. वेशीवर उभं राहून गायले तर मळ्यात ऐकू यायचं. तो आवाज माझ्याजवळ आहे तसा राहू द्या. आता दात नसलेल्या तोंडानं गायला लावून तुम्ही त्यांची शोभा करणार आणि माझीही आठवण घालवणार." दुसऱ्यानं सूर मिळवला, "मुंबई कधीच मिळाली. लढा संपला, तशी ती गाणीही संपली."

मी तिथंच बसलेला असायचो. माझ्या बापाबद्दल बोलणं चाललेलं असायचं, पण कुणी मला विचारत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मीही घरी जाऊन अब्बांना विचारत नव्हतो.

हे कलापथक निघालं ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी 1944 साली लाल बावटा कलापथक उभं केलं. गिरणगावातून निघालेला तो आवाज पुढं महाराष्ट्रभर फिरला. एका सभेत अब्बांनी अमर शेखांना ऐकलं आणि त्यांचं शेतातलं लक्ष उडालं. अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. मोटारीवर क्लीनर म्हणून काम केलेला, गिरणीत राबलेला माणूस. अब्बा सांगायचे, "आपल्यासारख्या घरातला माणूस मराठीत गातोय आन् हजारो लोक उठून उभे राहतायत. मग म्हणलं, आपण का नाही?" त्यांनी डफ घेतला. अण्णा म्हणून आम्ही ज्यांना हाक मारायचो ते मराठ्याच्या घरातले होते, ते मुख्य गायचे. मांगवाड्यातले नाना तुणतुणं धरायचे. आणखी सहा जण झिलकरी आणि ढोलकीवाले. बैलगाडीतून, सायकलवरून इंदापूर तालुका त्यांनी पालथा घातला. अण्णा भाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही त्यांची हुकमी चीज होती.

1960 साली महाराष्ट्र झाला. 1962 च्या निवडणुकीत अण्णांनी ज्यांच्याविरुद्ध गाणी म्हटली होती त्यांच्याच प्रचाराला आवाज दिला. अब्बांनी डफ खुंटीला अडकवला. कलापथक मोडलं. मोठं भांडण वगैरे काही झालं नाही, नुसतं बोलणं थांबलं. लग्नात, मयतीत समोरासमोर आले तर एकजण राम राम म्हणायचा, दुसरा सलाम म्हणायचा आणि दोघं दोन बाजूंना बसायचे. असं अठ्ठेचाळीस वर्षं चाललं. मी जन्मलो 1960 साली. म्हणजे माझ्या आठवणीत त्या दोघांची दोस्ती कधीच नव्हती.

शेवटी पोरंच घरी आली. अम्मी आतून म्हणाली, "इस उमर में क्या गाना-बजाना? लोगां हसेंगे." अब्बांना ऐकायला कमी यायचं. पोरांनी दोनदा मोठ्यानं सांगितलं. मी मास्तरांचं म्हणणंही त्यांच्या कानावर घातलं, की लढा संपला, गाणीही संपली. अब्बा माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बेळगाव आलं का? कारवार, निपाणी?"

मी काय बोलणार? सीमाभागासाठी महाराष्ट्र सरकारनं 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला होता आणि तो तसाच पडून होता. ज्या गावांसाठी माझा बाप बावीस वर्षांचा असताना गात होता, ती गावं अजून पलीकडंच होती.

"मंग गाणं कसं संपलं?" अब्बा म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तो येणार हाय का?" नाव घेतलं नाही. पोरं म्हणाली, त्यांनीही हेच विचारलं.

महिनाभर आमच्या अंगणात तालीम चालली. पहिल्या दिवशी अण्णा आले ते दारातच थांबले. अब्बा उठले, खुंटीवरून डफ काढला आणि त्यांच्यापुढं धरला. डफाचं कातडं केव्हाच फाटलं होतं. अण्णा म्हणाले, "हे आधी मढवून आण की, गड्या." एवढंच. माफी नाही, गळाभेट नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र भांडणं सुरू झाली आणि ती ऐकून घर भरल्यासारखं वाटू लागलं. कोणत्या ओळीवर थांबायचं, कुणी कधी ताल सोडला होता, कळसच्या कार्यक्रमाला गाडीचा बैल बसला तेव्हा खरी चूक कुणाची होती! नाना तुणतुणं मांडीवर ठेवून हसत बसायचे. गाणं कमी आणि चहा जास्त व्हायचा. बासष्ट सालाचा विषय एकदाच निघाला. अण्णा म्हणाले, "घरात तीन पोरी होत्या." अब्बांना ऐकू आलं की नाही, मला कळलं नाही. पण त्यांनी स्वतःची कपबशी अण्णांकडं सरकवली.

एक मेचा कार्यक्रम मास्तरांनी सांगितलं होतं तसाच झाला. माईक शिट्ट्या मारत होता. अण्णांचा आवाज दुसऱ्याच कडव्याला फाटला. अब्बांना ढोलकी ऐकू येईना, त्यामुळं डफ कधी पुढं, कधी मागं. मागची पोरं आधी गप्प बसली, मग मोबाइल काढून खेळू लागली. पंचवीस मिनिटांत आटोपलं. शाल आणि नारळ घेऊन चौघं खाली उतरले. मला मान वर करवेना.

सकाळी मास्तर आले. म्हणाले, "राग मानू नका, पण आवाज गेलाय तुमचा."

अब्बा म्हणाले, "मला कुठं ऐकू येतं?" आणि खळखळून हसले. त्यांना तसं हसताना मी फार वर्षांनी पाहिलं.

पुण्यात संगणकाचं काम करणाऱ्या माझ्या भाच्याला मी हे सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, मामू, हा वाद तर जगभर चालतो. विलायतेत 1970 च्या दशकात पंक नावाचं गाणं निघालं. बेकार, चिडलेल्या पोरांचं, राणीलाही न जुमानणारं. त्यातलं सेक्स पिस्टल्स हे पथक 1978 साली मोडलं आणि 1996 साली पुन्हा एकत्र आलं. पैशासाठी आलोय, हे त्यांनी लपवलंही नाही. द क्लॅश या दुसऱ्या पथकातून मिक जोन्सला 1983 साली काढून टाकलं होतं. त्यानंतर जो स्ट्रमर आणि तो एका मंचावर आले नाहीत. 15 नोव्हेंबर 2002 रोजी लंडनमध्ये संपावरच्या अग्निशमन कामगारांसाठी स्ट्रमर गात होता. समोर बसलेला जोन्स उठला आणि मंचावर चढला. महिनाभरानं, 22 डिसेंबरला, वयाच्या पन्नासाव्या वर्षी स्ट्रमर हृदयविकारानं गेला.

ते गाणं चांगलं झालं की वाईट, हे मी भाच्याला विचारलं नाही. आता तो प्रश्नच मला महत्त्वाचा वाटत नव्हता. आम्ही ऐकणारे जुन्या आवाजाचे मालक असल्यासारखे भांडतो. गावं की गाऊ नये, याचा निकाल आम्हीच लावतो. पण एकत्र येणं हे मंचावरच्या पंचवीस मिनिटांपुरतं नसतं. आमच्या अंगणातला तो महिना मास्तरांनी पाहिला नव्हता, मोबाइल खेळणाऱ्या पोरांनीही नाही.

ही संधी सगळ्यांना मिळत नाही. अण्णा भाऊ 18 जुलै 1969 रोजी गेले. बरोबर सहा आठवडे झाले होते, तोच 29 ऑगस्टला अमर शेख गेले. अपघात झाला तो आमच्या इंदापूरजवळच. मी नऊ वर्षांचा होतो. अब्बा त्या दिवशी जेवले नाहीत, एवढं आठवतं. त्यानंतर दर वर्षी त्या तारखेला ते संध्याकाळी सोलापूरच्या रस्त्याला जाऊन थोडा वेळ उभे राहत आणि परत येत. बरोबर कुणाला नेत नसत. मी एकदा येतो म्हणालो तर नको म्हणाले.

2010 च्या ऑगस्टमध्ये अण्णा दुपारीच घरी आले. दोघं काठ्या टेकत रस्त्याकडं निघाले. मी विचारलं नाही. परतायला त्यांना बराच उशीर झाला.