एक नट, अनेक माणसे

नाटकाची जाहिरात पाहिली की आपण आधी विचारतो, "नायक कोण?" दिलीप प्रभावळकरांच्या बाबतीत हा प्रश्न मला कधी सुचला नाही. मला ठाऊक होती ती माणसे: मुंबई दूरदर्शनवरचा भाबडा चिमणराव, 'झपाटलेला'मधला (१९९३) खुनशी तात्या विंचू, 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधले (२००१) आबा. हे सारे एकच गृहस्थ, हे कळायला मला बराच वेळ लागला. 'हसवाफसवी'त तर स्वतःच लिहिलेल्या नाटकात त्यांनी एकट्याने सहा भूमिका केल्या!

पण मला अंतर्मुख केले ते 'चौकट राजा'मधल्या (१९९१) नंदूने. शरीराने वाढलेला, बुद्धीने लहान राहिलेला नंदू. आमच्या गल्लीतही असा एक मुलगा होता. पोरे त्याची टर उडवीत. प्रभावळकरांनी टाळ्यांसाठी नंदूची नक्कल केली असती, तर थिएटरातही तेच हसू उठले असते. त्यांनी ते होऊ दिले नाही. त्याला नुसता दयेचा विषयही केले नाही. नंदू रुसतो, चिडतो, बालमैत्रिणीवर जीव लावतो. तो माणूस आहे.

पुढे 'लगे रहो मुन्नाभाई'तल्या (२००६) गांधीजींसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ऐंशी ओलांडल्यावर 'दशावतार'मध्ये (२०२५) ते कोकणातला बाबुली झाले.

स्नेहसंमेलनात दोन वाक्यांची भूमिका वाट्याला आली की आपण खट्टू होतो. पण ती दोन वाक्ये बोलणाऱ्यालाही घर असते, दुःख असते. ते शोधणे हाच खरा अभिनय नव्हे काय?