पळणाऱ्याने तारण ठेवावे

खलनायक जन्माला घालणं सोपं असतं; त्याला रीतसर पळू देणं महाकठीण. हे ज्ञान मला पंचेचाळिसाव्या वर्षी झालं, कारण आमच्या चिरंजीवांनी मला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा 'डंजन मास्टर' नेमलं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांचा हा खेळ १९७४ साली बाजारात आला. चार पोरं चार शूरवीर होतात. उरलेलं अख्खं जग, म्हणजे राजा, राक्षस, भटारखाना आणि पाऊस, मास्टरने चालवायचं. एका खुर्चीत बसून तीन काउंटर सांभाळलेल्या बँकेतल्या कारकुनाला हे काही जड नाही.

अडतं ते खलनायकापाशी. महिनाभर खपून एक कपटी जादूगार उभा करावा आणि पोरांनी वीस बाजूंच्या फाशावर वीस पाडून, चिवडा संपायच्या आत त्याला आडवा करावा! अशा वेळी मोह होतो : 'इतक्यात धूर झाला आणि तो अदृश्य झाला!' हिंदी सिनेमात हे खपतं. तिकिटाचे पैसे आधीच घेतलेले असतात. इथं पोरं विचारतात, "काका, धूर कुठल्या नियमानं झाला?"

पळालेले कर्जदार पाहण्यात माझी हयात गेली. तेव्हा माझे नियम तीन. एक, पळवाट आधी कागदावर हवी. या खेळातलं रक्तपिपासू पिशाच्च हरलं की धुकं होऊन निसटतं. पण दोन तासांत त्याला आपली शवपेटी गाठावी लागते. म्हणजे पळणंही नियमात, गाठणंही नियमात. दोन, अडवायची संधी हवी. 'डायमेन्शन डोअर' मंत्राने जादूगार पाचशे फूट लांब जातो खरा, पण साठ फुटांच्या आतला शत्रू 'काउंटरस्पेल' टाकून तो मंत्र मोडू शकतो. तीन, पळणाऱ्याने तारण ठेवावं : एखादी तिजोरी, पत्रांचा गठ्ठा, निदान एक जामीनदार. नाहीतर पोरांच्या हाती वसुली म्हणून काय पडणार?

गेल्या एप्रिलात जादूगार शेवटच्या घटका मोजत होता. मी डायमेन्शन डोअर काढलं, चिरंजीवांनी काउंटरस्पेल. जादूगार मेला तर मोहीम संपली, आणि जूनमध्ये चिरंजीव होस्टेलवर. एरवी माझ्याशी 'पैसे' या एकाच विषयावर बोलणारा मुलगा या टेबलाशी दर रविवारी चार तास बोलतो. मास्टरपुढे पुठ्ठ्याचा आडोसा असतो. त्यामागे फासा किती पडला, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

मी आडोसा बाजूला केला आणि फासा सगळ्यांसमोर टाकला. तीन!

पोरांनी असा गिल्ला केला, की सौ. लाटणं घेऊनच बाहेर आली.

रात्री चिरंजीव हळूच म्हणाले, "बाबा, त्या जादूगाराच्या मागे कोणी नव्हतं का हो?"

"जामीनदार आहेत ना," मी म्हटलं. "तिघं. आणि जूनपर्यंत रविवार आहेत सहा."