वाऱ्याचा आडोसा

वेगाविषयी मनुष्याचे मन नेहमीच दुटप्पी राहिले आहे. 'अति घाई संकटात नेई' हे वाक्य घाटाघाटांतून आणि महामार्गांच्या कडेने रंगविलेले असते, आणि ते वाचता वाचताच आपण पुढच्या वाहनाला मागे टाकीत असतो. ससा-कासवाची गोष्ट आपण मुलांना सांगतो, परंतु घरात कौतुक होते ते सशाचेच. म्हणून वेगाला नुसती नावे ठेवून भागत नाही. ज्यांनी त्यापायी आयुष्य वेचले, त्यांच्याकडूनच तो समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते. आणि त्यासाठी सायकलीसारखे दुसरे साधन नाही. मोटारीचा वेग इंजिनाचा असतो, सायकलीचा वेग माणसाच्या पायांचा. निदान सर्वसाधारण समज तसा आहे.

सायकलीचे अप्रूप आपल्या महाराष्ट्राला नवे नाही. पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आमच्या लहानपणी गावोगावी एखादा सायकलवीर येई आणि जमिनीला पाय न लावता सात दिवस, सात रात्री मैदानावर फिरत राही. तो सायकलवरच जेवी, सायकलवरच अंघोळ करी. कर्ण्यावर गाणी वाजत, आणि शेवटच्या दिवशी लोक त्याच्या सदऱ्याला नोटा टाचीत. शाळेच्या स्नेहसंमेलनात संथ सायकलीची शर्यत असे. जो सर्वांच्या शेवटी पोहोचेल तो पहिला. अगदी अलीकडे, २०१५ साली, नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत आळीपाळीने सायकल चालवीत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. आपले विक्रम असे चिकाटीचे. निव्वळ वेगाचे विक्रम मात्र दूरदेशी घडले, आणि त्यांची कथा वाऱ्यापासून सुरू होते.

हा वारा आम्हांस परिचयाचा आहे. नगर रस्त्यावरील पेपल सेमिनरीत शिकत असताना सुट्टीच्या दिवशी आम्ही तीन-चार सोबत्यांसह सायकलीवरून वाघोली, कोरेगाव भीमा, शिक्रापूर असे निघत असू. समोरून वारा सुटला की ज्याच्या पायांत बळ अधिक तो पुढे होई, आणि बाकीचे त्याच्या चाकामागे चाक लावीत. तो दमला की मागे येई, दुसरा पुढे जाई. यामागचे शास्त्र सोपे आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो वेग टिकविण्यास शक्ती लागते ती आठपट. सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरने जाणाऱ्याचे बहुतेक श्रम हवा बाजूला सारण्यातच खर्ची पडतात. पुढच्याने ती हवा फोडली तर मागच्याचा भार हलका होतो.

दौंड जंक्शनवर न थांबणारी गाडी धडधडत निघून गेली की फलाटावरचा पाचोळा आणि कागदाचे कपटे तिच्या मागोमाग ओढले जातात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. गाडीच्या पाठीशी वाऱ्याला जणू एक पोकळी पडते. त्या पोकळीत माणूस शिरला तर? चार्ल्स मर्फी नावाच्या अमेरिकन सायकलपटूला हाच प्रश्न पडला. पुढे आडोसा असेल तर कोणत्याही आगगाडीचा पाठलाग आपण करू शकू, असे तो म्हणे, आणि लोक हसत. अखेर न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर रुळांच्या मधोमध दोन मैलांहून अधिक अंतर लाकडी फळ्या अंथरण्यात आल्या आणि शेवटच्या डब्याच्या पाठीमागे आडोशाची चौकट उभारण्यात आली. ३० जून १८९९ रोजी मर्फीने त्या डब्यामागून एक मैल अंतर ५७.८ सेकंदांत कापले. खरे संकट त्यानंतर उभे राहिले. फळ्या संपत आल्या, गाडीचा वेग उतरू लागला, आणि डब्यातील माणसांनी हात पुढे करून त्याला सायकलीसकट वर ओढून घेतले.

फ्रान्सच्या जोझे मेफ्रेची कथा याहून गंभीर आहे. १९५२ साली अशाच एका प्रयत्नात तो पडला आणि त्याच्या कवटीला जबर दुखापत झाली. तरीही १९ जुलै १९६२ रोजी, वयाची पन्नाशी जवळ आली असता, जर्मनीतील फ्रायबुर्गजवळच्या महामार्गावर तो एका मोटारीमागे ताशी २०४ किलोमीटरने धावला. त्याच्या सायकलीच्या पुढच्या दातेरी चाकाला १३० दाते होते. आपल्या साध्या सायकलीला ते पन्नासाच्या आतच असतात. त्या दिवशी त्याच्या खिशात एक चिठ्ठी होती. आपण मेलो तर कोणी हळहळू नये, असा तिचा आशय. खिशात अशी चिठ्ठी ठेवून निघणाऱ्या माणसास वेडा म्हणणे सोपे आहे. परंतु मृत्यूकडे त्याने डोळेझाक केली होती, असे कोणास म्हणता येणार नाही.

पुढे हे विक्रम अमेरिकेतील युटा राज्यातल्या बॉनव्हिल येथील कोरड्या मिठागरासारख्या अफाट सपाटीवर होऊ लागले. १९८५ साली जॉन हॉवर्ड तेथे ताशी सुमारे २४५ किलोमीटरने धावला. १९९५ साली हॉलंडच्या फ्रेड रॉम्पेलबर्गने ताशी २६८ किलोमीटरचा पल्ला ओलांडला, आणि तो विक्रम तेवीस वर्षे टिकला. मोडला तो एका स्त्रीने. १६ सप्टेंबर २०१८ रोजी पंचेचाळीस वर्षांच्या डेनिस म्युलर-कोरेनेक ताशी २९६ किलोमीटरने धावल्या. त्या तीन मुलांच्या आई होत्या. त्यांच्या सायकलीचे पायडल एकदा पूर्ण फिरले की सायकल जवळजवळ चाळीस मीटर पुढे जाई. असे पायडल उभ्या जागी कोणालाच फिरविता येत नाही. म्हणून आरंभी सायकल मोटारीला बांधून ओढीत न्यावी लागली आणि पुरेसा वेग आल्यावर ते बंधन सोडण्यात आले. डेनिस यांना तयार करणारे गुरू होते जॉन हॉवर्ड, म्हणजे पूर्वीचे विक्रमवीरच. स्वतःहून अधिक वेगाने जाणारे कोणीतरी आपल्या हातून घडावे, ही इच्छा आम्हांस त्या विक्रमाहूनही मोलाची वाटते.

विक्रमांच्या पुस्तकात डेनिस यांचे एकटीचे नाव लागते. पण पुढची मोटार शे होलब्रुक नावाची दुसरी स्त्री चालवीत होती. मोटारीचा वेग अचानक वाढला तर सायकलस्वार आडोशातून मागे पडतो, आणि तुफानासारखा वारा त्याच्या छातीवर आदळतो. वेग अचानक कमी झाला तर तो मोटारीवरच आदळतो. डेनिस यांचे प्राण होलब्रुकच्या उजव्या पावलाखाली होते. आपल्या मागे कोण आहे, हे त्या पावलाला क्षणभरही विसरता येत नव्हते.

हे सारे लिहिण्यास कारण आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील सतरा वर्षांच्या एका मुलाला आम्ही मातीआड केले. शिरूरच्या पोरांमध्ये तेव्हा एक खेळ चालू होता. वेल्डिंगच्या दुकानातून हॅण्डल खाली वाकवून घ्यावे, मोठे चेनव्हील बसवावे, मडगार्ड, कॅरियर आणि पुढचा ब्रेकही वजन नको म्हणून काढून टाकावा, आणि कारखान्यांकडे धावणाऱ्या एखाद्या कंटेनरच्या पाठीला चिकटून घोड नदीच्या दिशेने सुटावे. मोबाइलवर वेळ मोजणारा एक मित्र पुढे उभा असे. मुलगा हुशार होता. वाऱ्याच्या आडोशाचे जे शास्त्र आम्ही वर सांगितले, ते त्याला आमच्याहून चांगले अवगत होते. एके सायंकाळी रस्त्यावर म्हशी आल्या आणि कंटेनर थांबला. चालकाचा काही दोष नव्हता.

महिन्याच्या मिस्सानंतर मुलाचे वडील मागे थांबले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "फादर, एकच सांगा. पुढच्याला माहीत होतं का, माझा पोरगा मागं आहे म्हणून?"

"नाही, दादा," आम्ही म्हणालो. "त्याला माहीत नव्हतं."

त्यांनी मान हलविली आणि ते गेले. त्या प्रश्नाने बॉनव्हिल आणि नगर रस्ता यांतील सारे अंतर आम्हांस एका क्षणात दाखविले. दोन्हीकडे धाडस तेच, शास्त्र तेच. तेथे पुढच्याला मागचा ठाऊक होता. येथे तो ठाऊक नव्हता.

आणि हा प्रश्न केवळ कंटेनरच्या चालकाला विचारण्याजोगा नाही. रांजणगावला औद्योगिक वसाहत आली, जमिनींना भाव आले, आणि आमच्या परिसराची चाल बदलली. कोणी जमीन विकून बंगला बांधला, कोणी दुप्पट पाळी करून गाडी घेतली. वडीलधारी माणसे वेगाने पुढे निघाली, यात गैर काही नाही; दारिद्र्याचा वारा त्यांनीच छातीवर घेतला, म्हणून मुलांना आडोसा मिळाला. परंतु आपल्या पाठीशी एक मुलगा चाकामागे चाक लावून जीव तोडून येतो आहे, आपण जेवढ्या वेगाने जाऊ तेवढाच वेग तो खरा मानतो आहे, हे किती जणांना ठाऊक असते? बाप, शिक्षक, पुढारी, आम्ही धर्मगुरू, सारेच कोणाच्या ना कोणाच्या पुढे चालत असतो. मागच्याला 'हळू चल' म्हणण्याचा अधिकार त्यालाच, जो वळून पाहतो.

मुलांच्या पायांतला वेग काढून घेता येत नाही, आणि घेऊही नये. वाचकहो, आमच्या तरुण मंडळाची आठ-दहा मुले आता रविवारी पहाटे, वाहनांची वर्दळ सुरू होण्यापूर्वी, न्हावऱ्याच्या रस्त्याने सायकली काढतात. ब्रेक दोन्ही हवेत, ही पहिली अट. सारी एका ओळीत जातात. दर किलोमीटरला पुढचा मागे येतो आणि त्याच्या जागी नवा वारा खायला जातो. पुढच्याने ब्रेक लावण्यापूर्वी मोठ्याने ओरडून सांगायचे, आणि शेवटच्याने अधूनमधून 'आहे' अशी साद घालायची, एवढेच नियम त्यांनी स्वतः ठरविले आहेत. परवा त्यांनी ताशी बत्तीस किलोमीटरचा वेग गाठला, असे ती अभिमानाने सांगत होती.