तलावाचा झरा

मी पोहावयास शिकलों तें विहिरींत. सातारा जिल्ह्यांतील आमच्या गांवीं मळ्यांत एक थोरली विहीर होती. कमरेला वाळलेला भोपळा बांधून काकांनीं मला तींत ढकलून दिलें, आणि दोन उन्हाळ्यांत तो भोपळा सुटला. त्या विहिरीचें पाणी स्वच्छ कां राहतें, हा प्रश्न त्या वयांत मला कधीं पडला नाहीं. तळाशीं झरे होते, वर मोट चालत होती. जुनें पाणी शेताला जाई, नवें आंतून येई. दर वैशाखांत चार माणसें उतरून गाळ काढीत. एवढ्यावर ती विहीर तीन पिढ्या नांदली.

सत्तरी उलटल्यावर त्या विहिरीची पुन्हां आठवण व्हावयास कारण झाला तो आमच्या सोसायटींतील पोहण्याच्या तलावाचा पंप. पुढील हकीगत माझ्या शहाणपणाची नसून चुकीची आहे. परंतु जेथें बरींच माणसें एकत्र नांदतात तेथें ती उपयोगीं पडेल, असें वाटून सांगतों.

पुण्यांत आम्ही दोघे भाऊ एकाच मजल्यावर समोरासमोरच्या सदनिकांत राहतों. चूल मात्र एकच आहे. इमारतीच्या आवारांत १५ मीटर लांब व ६ मीटर रुंद असा तलाव असून त्यांत सुमारें १ लक्ष ८ हजार लिटर पाणी मावतें. पाण्याच्या पातळीशीं भिंतींत चौकोनी तोंडें ठेविलेलीं आहेत. त्यांतून व तळाच्या जाळींतून पंप पाणी ओढतो, वाळूनें भरलेल्या टाकींतून दाबानें गाळतो, आणि परत तलावांत सोडतो. आमचा जुना पंप दीड अश्वशक्तीचा होता. तो तासाला साधारण १८ हजार लिटर, म्हणजे ६ तासांत तलावभर पाणी फिरवी. पंपाची खोली मागच्या जिन्याखालीं आहे. मी सोसायटीचा खजिनदार; परंतु त्या खोलीशीं माझी ओळख विजेच्या बिलापुरतीच होती.

२०२३ च्या एप्रिलांत टँकरचे दर वाढले. पुण्याच्या उन्हांत तलावाचें पाणी दिवसाला जवळजवळ एक सेंटिमीटर उडून जातें. त्याची भर घालण्यासाठीं आठवड्यास एक टँकर लागे. तो मीं पंधरवड्यावर नेला. या काटकसरीबद्दल वार्षिक सभेंत दोन बरे शब्द कानीं पडतील, अशी आशाहि मनांत होती. पाणी उतरत उतरत भिंतींतील तोंडांच्या खालच्या कडेला टेकलें. पंपाची देखभाल करणारे मिस्त्री एके सकाळीं मला खालीं घेऊन गेले. पंपाच्या तोंडाशीं कचरा अडविणारी जाळी असते, तिच्यावरील झांकण पारदर्शक असतें. त्याखालीं पाण्याऐवजीं बुडबुडे धांवत होते.

"साहेब, पंप हवा घेतोय. आधीं तलाव भरून घ्या," मिस्त्री म्हणाले.

"पुढच्या आठवड्यांत पाहूं," मीं उत्तर दिलें.

पुढचा आठवडा उजाडण्यापूर्वींच पंप किंचाळूं लागला. आणखी आठ दिवसांनीं तो नुसता घुमे, फिरेना; आणि एका दुपारीं तोहि आवाज बंद झाला.

मिस्त्रींनीं पंप खोलून दाखविला. मोटारीचा दांडा पाण्याच्या कोठींत शिरतो तेथें पाणी बाहेर येऊं नये म्हणून एक सील असतें. त्यांत कार्बनची एक व चिनीमातीसारख्या पदार्थाची दुसरी अशा दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर फिरतात. त्यांना वंगण तें पाण्याचेंच. पाणी तुटून पंप कोरडा फिरला कीं त्या थोड्या वेळांत तापून खराब होतात. मग दांड्यावरून पाणी झिरपतें, पुढच्या बेअरिंगला गंज चढतो, बेअरिंग ओरडतें, आणि शेवटीं धरतें. अडकलेली मोटार विजेचा जोर घेत राहते व तिचें वाइंडिंग जळतें. एवढी सर्व परंपरा माझ्या वांचविलेल्या टँकरपासून सुरू झाली होती. परंतु तें कबूल करण्याचें धैर्य मजपाशीं नव्हतें.

व्यवस्थापक मंडळाच्या बैठकींत मीं सांगितलें कीं पंप जुना झाला होता व मुळांतच लहान होता. आतां आणावयाचा तर मोठाच आणावा, म्हणजे पाणी लौकर स्वच्छ होईल. सर्वांना तें पटलें. जुना पंप मिस्त्री आपल्या दुकानीं घेऊन गेले, आणि त्याच्या जागीं ३ अश्वशक्तीचा झगझगीत नवा पंप बसला. "वाळूची टाकी तीच ठेवणार काय?" एवढेंच मिस्त्रींनीं विचारलें. मीं तिकडे लक्ष दिलें नाहीं.

नव्या पंपाचा जोर खराच मोठा होता. पण पाणी निवळण्याऐवजीं दिवसेंदिवस ताकासारखें होऊं लागलें. मीं क्लोरिन वाढविण्यास सांगितलें. क्लोरिन जंतूंना मारतो, माती काढून टाकीत नाहीं, हें मला तेव्हां ठाऊक नव्हतें. मुलांचे डोळे चुरचुरूं लागले, पाणी मात्र तसेंच राहिलें.

मे महिन्याच्या एका संध्याकाळीं मी कांठावर बसलों होतों. आमच्या घरचीं पांच मुलें चार फूट पाण्यांत खेळत होतीं. मी मधून मधून डोकीं मोजीत असें. त्या वेळीं मोजलीं तों चारच भरलीं. थोरल्या बंधूंची सहा वर्षांची नात दिसेना. मीं पुन्हां मोजलीं, पुन्हां चारच. उठून पाण्यांत पाहिलें, तर तळाच्या निळ्या रेघा नाहींत, जाळी नाहीं, कांहींच नाहीं. माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझा हात पाहून जीवरक्षकानें उडी घेतली आणि चांचपडत, माझ्यापासून अवघ्या दोन हातांवर, तिला वर काढलें. ती हंसत होती. तळाशीं बसून श्वास रोखण्याची शर्यत चालली होती, आणि तिनें मनांत वीसपर्यंत अंक मोजले होते. "आबा, तुम्हीं मला मध्येंच कां काढलें?" असें तिनें रागावून विचारलें.

तिच्या अंगाला कांहीं इजा झाली नव्हती. परंतु ती खरोखरीच बुडत असती, तरी त्या पाण्यांत ती कोणाला दिसली नसती. ही गोष्ट मला त्या रात्रीं झोंपूं देईना.

जेवणें झाल्यावर वहिनींना मीं सारी हकीगत सांगितली, टँकरसुद्धां. वहिनींचें माहेर शेतकीचें. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, विहीर आटली, आणि तुम्हीं मोट थोरली केलीत!"

इतकें नेमकें निदान कोणत्याहि जाणत्या माणसानें केलें नसतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं तलावाला कुलूप लावविलें आणि मिस्त्रींच्या दुकानीं जाऊन त्यांची क्षमा मागितली. त्यांनीं समजावून दिलें तें असें. वाळूच्या प्रत्येक टाकीला पाण्याचा ठराविक वेग मानवतो. आमच्या टाकीला तासाला १८ हजार लिटर योग्य होते. नव्या पंपानें त्याहून कितीतरी अधिक पाणी लोटलें, तेव्हां वाळूंत वाटा पडल्या, आणि बारीक माती न अडतां त्या वाटांनीं परत तलावांत आली. शिवाय ओढीचा नळ जुन्याच मापाचा. त्यांतून एवढें पाणी येईना, म्हणून पंपांत खडे खुळखुळल्यासारखा आवाज येई.

घाईचा आणखी एक भ्रम त्यांनीं दूर केला. तलावभर पाणी एकदां फिरलें म्हणजे तें सारें गाळलें गेलें असें होत नाहीं, कारण गाळलेलें पाणी न गाळलेल्यांत मिसळत जातें. हिशेबानें एका फेऱ्यांत शेंकडा ६३ भाग गाळला जातो, दोहोंत ८६, तिहींत ९५. येथें जोराचें काम नाहीं, नेमानें पुन्हां पुन्हां करण्याचें आहे. पंपाचा वेग निम्मा केला तर पाणी निम्मेंच येतें, पण वीज जवळजवळ आठवा हिस्साच लागते. याच कारणानें अमेरिकेंत २०२१ पासून तलावांच्या नव्या पंपांना वीजबचतीचे नियम लागू झाले, आणि तेथें वेग कमीजास्त करतां येणारे पंप सर्रास वापरले जाऊं लागले.

जुना पंप मिस्त्रींनीं मोडींत काढला नव्हता. नवें सील, दोन बेअरिंगें व नवें वाइंडिंग एवढ्यावर तो उभा राहिला. टाकींतील वाळू बदलली, टँकर मागवून पाणी भिंतींतील तोंडांच्या मध्यापर्यंत भरलें, आणि पांचव्या दिवशीं तळाच्या निळ्या रेघा दिसूं लागल्या. मोठा पंप तोटा सोसून विकला. पुढील सभेंत तो तोटा कशामुळें झाला हें मीं सर्वांना वाचून दाखविलें. टाळ्या मिळाल्या नाहींत, पण मन हलकें झालें.

तेव्हांपासून दर रविवारीं मी मिस्त्रींच्या हाताखालीं असतों. आधीं मुख्य बटण बंद करावयाचें, मग झांकण काढून जाळी धुवावयाची. झांकणाची रबरी कडी पुसून तिला सिलिकोनचें ग्रीस लावावयाचें. तीवर एक केंस राहिला तरी हवा शिरते. कोठी पाण्यानें भरल्याखेरीज पंप सुरू करावयाचा नाहीं. स्वच्छ वाळूवर दाबाचा काटा १२ पौंड दाखवितो. तो २० ते २२ वर गेला कीं पाणी उलटें सोडून वाळू धुवावयाची. त्यासाठींची मूठ पंप चालूं असतां कधींहि फिरवावयाची नाहीं, नाहींतर आंतील रबर फाटतें. पाण्यापाशीं वीज आहे, म्हणून गळती होतांच प्रवाह तोडणारें बटण महिन्यांतून एकदां दाबून पाहावयाचें. आणि सीलची किंमत किरकोळ असली, तरी त्याखालीं पाण्याचा थेंब दिसला कीं तें त्याच आठवड्यांत बदलावयाचें.

विहिरीला झरा निसर्गानें दिला होता; त्याबद्दल आम्हांला कांहीं करावें लागत नव्हतें. तलावाला झरा नसतो. त्या जिन्याखालच्या खोलींत जें यंत्र फिरतें तोच त्याचा झरा, आणि तो वाहता ठेवण्याचें काम कोणी तरी आपलें म्हणावें लागतें. एखादी वस्तु बिघडली म्हणजे ती बदलण्यास पैसा पुरतो. ती कां बिघडली हें विचारण्यास मात्र आपल्याच चुकीकडे पाहावें लागतें, आणि तें न पाहतां आणलेली नवी वस्तु जुनीच चूक अधिक जोरानें पुढें चालविते.

आतां आमच्या मुलांचा एक नियम आहे. कोणीहि पाण्यांत उतरण्यापूर्वीं कांठावर उभें राहून तळाच्या जाळीच्या पट्ट्या मोजावयाच्या. मोजतां आल्या तरच उतरावयाचें. हें काम त्या धाकट्या नातीकडे आहे. पट्ट्या अकरा आहेत, हें तिला केव्हांच पाठ झालें आहे. तरी ती रोज वांकून, बोट दाखवून, एक एक मोजते. आणि ती अकरापर्यंत पोंचेतों मी गप्प उभा राहतों.