लोकरीचे टाके

पाली हें गांव थंडीसाठीं प्रसिद्ध नाहीं. माघी चतुर्थीस बल्लाळेश्वराच्या दर्शनास आलेला यात्रेकरू पहांटे थोडा कुडकुडतो खरा. परंतु ऊन सरसगडावर चढलें कीं अंगावरची शाल हातावर येते. पूर्वीं पावसाळ्यांत शेतकऱ्याचें काम इरल्यावर व घोंगडीवर भागत असे. अशा गांवीं लोकर विणीत बसणें हें एक खूळच होय, असें आमच्या शेजाऱ्यांचें मत आहे, व तें अगदींच निराधार नाहीं.

तथापि आपल्याकडील घरांत लोकरीस एक मानाची जागा आहे, ती बाळंतविड्यांत. टोपडें, अंगडें, पायमोजे अशीं इवलीशीं वस्त्रें तान्ह्या जिवासाठीं विणण्यापासून पुष्कळ स्त्रियांच्या हातांस हें वळण लागतें. मुलींना हस्तकौशल्य शिकविण्यांत मिशनच्या शाळांचाही वांटा आहे. मिस सिंथिया फॅरार १८२७ सालीं मुंबईस आल्या व पुढें अहमदनगरास त्यांनीं मुलींच्या शाळा चालविल्या. अशा शाळांतून अक्षरांबरोबर सुई-दोराही मुलींच्या हातीं आला. १९१४ ते १९१८ व १९३९ ते १९४५ या दोन्ही महायुद्धांत अनेक देशांतील स्त्रियांनीं व शाळकरी मुलांनीं अनोळखी सैनिकांसाठीं मोजे व गळपट्टे विणले. घरच्यांसाठीं विणणें त्याहून कठीण, असें आम्हांस वाटतें. कारण येथें गिऱ्हाईक रोज समोर बसून 'किती झालें?' म्हणून विचारतें!

शिवाय अडचणी थोड्या नाहींत. धाकट्या बंधुराजांचें माप दिवाळींत घ्यावें, तों पौषांत बाह्या आंखूड होतात. एक लडी कमी पडावी व तोच रंग पुन्हां मागवावा, तर निराळ्या वेळीं रंगविलेली लोकर किंचित् गडद निघते. एक टाका सुईवरून निसटला कीं खालच्या ओळी एकामागून एक उसवतात. मात्र याच गुणामुळें तोकडें झालेलें वस्त्र सबंध उसवून, लोकर धुऊन, पुन्हां विणतां येतें. कापडाच्या सदऱ्यास ही सोय नाहीं.

गेल्या वर्षीं या विद्येची आमच्या घरीं खरी परीक्षा झाली. आजीनें आजोबांसाठीं बिनबाह्यांची बंडी विणावयास घेतली होती. पाठ पुरी झाली आणि संधिवातानें तिचीं बोटें आंखडलीं. तिनें सुया आमच्यापुढें ठेविल्या व म्हणाली, "पुढची बाजू तूं कर."

आजीच्या विणींत एका इंचांत ७ टाके बसत; आमच्या हातानें त्याच सुयांवर ६ च बसत. पुढची बाजू १७ इंच रुंद, म्हणजे ११९ टाके. आमच्या सैल हातानें तेवढ्याच टाक्यांची बाजू जवळजवळ २० इंच झाली असती, व आजोबांच्या पोटावर पोतें लोंबलें असतें. म्हणून आधीं एक लहानसा चौकोन विणून पाहिला, सुया बारीक घेतल्या, पुन्हां मोजलें. ७ टाके भरले तेव्हांच कामास हात घातला. १५ दिवस आजी जवळ बसून ओळी मोजीत असे. स्वतःच्या बोटांकडे ती फारसें पाहत नसे.

बंडी पुरी झाली त्या रात्रीं तिनें ती डोळे मिटून चांचपली. "ही माझी पाठ, हें तुझें पोट," ती म्हणाली, "पण शिवण कुठें टोंचत नाहीं." एवढी शाबासकी आम्हांस पुरे झाली. आजोबा ती बंडी चैत्रांतही घालूं लागले, तेव्हां घामाविषयीं त्यांस कोणीं विचारलें नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, बाजारांत तयार स्वेटर सुबक व स्वस्त मिळतात. ते घेऊं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. लोकरीची ऊब धाग्यांत अडकलेल्या हवेमुळें असते, हें विज्ञान सांगतें तेंही खरेंच. परंतु वडील माणसांच्या हातांत बळ आहे तोंवर त्यांच्यापाशीं बसून त्यांचें कौशल्य शिकून घ्यावें. आपलें अर्धें राहिलेलें काम पुरें करणारा हात घरांत आहे, यासारखें दुसरें समाधान त्यांना नाहीं. आणि तसा हात होण्यासारखें आपणांसही नाहीं.