काचेच्या डब्यातून घाट

"पुण्याची माणसं डोंगर बघायला आपल्या दारात येतात, आणि आपण पैसे मोजून दुसरीकडे डोंगर बघायला जायचं?"

मुलांच्या अब्बूंनी हा सवाल केला तेव्हा मला लगेच उत्तर सुचलं नाही. आमचं घर पौडला. पावसाळ्यात रविवारी मुळशी धरणाकडे आणि ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या गाड्यांची अशी रांग लागते की समोरच्या दुकानातून दूध आणायला रस्ता ओलांडणं मुश्कील होतं. ज्या हिरवाईसाठी ही माणसं भूगावच्या ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास अडकतात, ती आमच्या गच्चीवरून फुकट दिसते. तेव्हा सवाल रास्त होता.

विषय होता व्हिस्टाडोमचा. डेक्कन एक्स्प्रेसला २०२१ च्या जूनमध्ये हा डबा पहिल्यांदा लागला. मोठाल्या काचा, छतालाही काच, फिरणाऱ्या खुर्च्या, सगळ्या मिळून ४४. पुण्याहून मुंबईकडे जायला माणशी आठशे-नऊशे रुपये. त्याच गाडीच्या साध्या डब्यात सव्वाशेच्या आत काम भागतं. गाडी तीच, रूळ तेच, पोहोचण्याची वेळ तीच. मी विनाअनुदानित शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. एवढं सांगितलं की शिक्षक वाचकांना पगार विचारावा लागत नाही. मुलांच्या अब्बूंचं पिरंगुटला वेल्डिंगचं काम आहे, कधी असतं, कधी नसतं. मोठी बारावीला आहे. अशा घरात दोन तिकिटांचे सतराशे रुपये म्हणजे गंमत नव्हे.

पण हट्ट माझा नव्हता. अम्मीचाही नव्हता, तिने फक्त एकदा विचारलं होतं. अब्बांच्या इंतकालानंतर ती आमच्याकडेच असते. तिच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. आमच्या घरच्या बोलीत त्याला काला मोतिया म्हणतात, आणि या 'मोतिया' शब्दाने मोठा घोळ होतो. सफेद मोतिया ऑपरेशनने निघतो, म्हणून हाही निघेल असं समजून अम्मीने दोन वर्षं घालवली. डॉक्टरांनी नंतर साफ सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही. थेंब टाकायचे ते उरलेली टिकवायला. कडेची नजर आधी जाते. अम्मीला समोरचा माणूस दिसतो, पण बाजूने आलेला नातू दिसत नाही आणि ती दचकते.

त्या दिवशी दवाखान्यातून येताना बसमध्ये ती म्हणाली, "खंडाळ्याचा घाट एकदा बघायचा होता गं, दिसतंय तोवर." बस, एवढंच.

माझे नाना रेल्वेत गँगमन होते. अम्मीचं लहानपण खंडाळ्याला रेल्वेच्या चाळीत गेलं. नानांना लिहिता येत नव्हतं, पगाराच्या कागदावर अंगठा. पावसाळ्यात रात्री त्यांची गस्त असायची. हातात कंदील, पाठीवर फटाक्यांची डबी (रुळावर ठेवले की गाडीच्या चाकाखाली वाजतात आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो), डोक्यावर घोंगडी. दरड आली आहे का बघत एका नाक्यापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. सकाळी ते घरात पाऊल टाकेपर्यंत नानी चूल पेटवत नसे, असं अम्मी सांगते.

घाटाचा हिशेब मी शाळेत मुलांना सांगते, तो आमच्या घरीही सांगितला. १८५६ मध्ये काम सुरू झालं, १८६३ मध्ये रेल्वे घाट चढली. सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट चढ. आजही वर जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात. पहिल्या मार्गावर २५ बोगदे होते आणि १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांवर मजूर त्यावर राबत होते. पटकीने आणि अपघातांनी हजारो माणसं गेली, त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत मेला. मग त्याची बायको अॅलिस हिने कंत्राट आपल्या हाती ठेवलं आणि तिच्या नेमलेल्या माणसांनी काम पुढे नेलं. मुलींच्या वर्गात मी हे जरा जोर देऊन सांगते.

शाळेतल्या एका सहकारी बाईंनी मला डेक्कन ओडिसीची जाहिरात दाखवली होती. महाराष्ट्र पर्यटनाची ही शाही गाडी २००४ पासून धावते आहे. आठवडाभराच्या सफरीचे माणशी लाखांत पैसे. ते वाचून आम्ही दोघी इतक्या हसलो की शिपाई आत डोकावला. दुसरा पर्याय माथेरानच्या छोट्या गाडीचा होता. तिच्याबद्दल मला खास जिव्हाळा आहे, कारण ती आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधली. मुलगा अब्दुल हुसेन यांनी ध्यास घेतला, बापाने पैसा घातला आणि १९०७ मध्ये गाडी माथेरानला पोहोचली. मुलांना तिकडे न्यायचं आहेच. पण अम्मीला माथेरान नको होतं. तिला तिचा घाट हवा होता.

मग साध्या डब्यातून का नको? मुलांच्या अब्बूंचा हाच मुद्दा होता, आणि त्यांनी 'इसराफ' हा शब्द काढला. मी रागावले, पण रात्री विचार केला तेव्हा वाटलं, शब्द चुकीचा नाही, लावायचा कुठे एवढंच ठरवायचं आहे. साध्या डब्यात खिडकीची जागा मिळेलच असं नाही. मिळाली तरी गज असतात, समोर उभी माणसं असतात. ज्याची नजर नळीतून बघितल्यासारखी झाली आहे, त्याने गजांमधून घाट शोधायचा कसा? अम्मीच्या थेंबांना महिन्याला जवळपास एका तिकिटाएवढे पैसे जातात. नजर टिकवायला आपण दर महिन्याला खर्च करतो, मग त्या नजरेने काही बघायला एकदा केला तर? हे मी बोलले तेव्हा ते गप्प बसले. सकाळी म्हणाले, "जाताना काचेचा डबा, येताना साधा." यावर तडजोड झाली.

जुलै मी मुद्दाम टाळला. ऐन पावसात घाटात ढग उतरतात आणि काचेपलीकडे नुसतं पांढरं दिसतं. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी निघालो. दुपारची गाडी, म्हणजे घाट उजेडात. डेक्कन क्वीनने संध्याकाळी मुंबईहून परतताना हिवाळ्यात घाटात अंधार असतो, हे ज्यांना जायचं आहे त्यांनी ध्यानात ठेवावं.

डबा थंडगार होता, अम्मीने शाल घेतली. लोणावळ्यापर्यंत तिला काही विशेष वाटलं नाही. आजूबाजूची मंडळी मोबाइल काचेला लावून बसलेली. घाट सुरू झाला आणि मग एक गोष्ट झाली जी मी धरलीच नव्हती. बोगदे. उजेड, अंधार, उजेड. तिच्या डोळ्यांना उजेडाची सवय व्हायला वेळ लागतो, आणि सवय होतेय तोवर पुढचा बोगदा. सगळे "वाह, वाह" म्हणत दरीकडे वळत होते आणि अम्मी डोळे चोळत होती. मला वाटलं, पैसे गेले.

मंकी हिलच्या पुढे गाडी फारच हळू झाली. तेव्हा अम्मीने मान मागे टाकली आणि छताच्या काचेतून वर बघायला लागली. दरीकडे तिने पाठच केली म्हणा ना. वर काळा ओला कातळ होता, त्यावर लोखंडी जाळी ताणलेली, कपारीत गवत. मी म्हटलं, "अम्मी, दरी त्या बाजूला आहे."

"दरी पॅसेंजरसाठी असते," ती म्हणाली. "अब्बा म्हणायचे, गँगमनने दोनच गोष्टी बघायच्या. खाली रूळ आणि वर दगड."

लहानपणी ती या घाटातून पासवर कितीतरी वेळा गेली होती, पण डब्याला छप्पर असल्यामुळे वरचा दगड तिला कधी दिसलाच नव्हता. पावसाळ्यापूर्वी माणसं दोरांनी लटकून सुटे दगड पाडतात. नानाही ते करायला चढले होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. कातळ इतका जवळ आणि इतका मोठा होता की नळीतल्या नजरेलाही शोधावा लागला नाही. ठाकूरवाडीपर्यंत ती तशीच बसली. मी पाणी पुढे केलं, तिने हात हलवून नको म्हटलं.

कर्जत सुटल्यावर तिने असरची नमाज खुर्चीवरच पढली. मी खुर्ची किबल्याकडे फिरवून दिली. फिरत्या खुर्चीचा हा उपयोग रेल्वेच्या ध्यानात आला नसेल.

ज्यांचे डोळे आणि गुडघे धड आहेत त्यांना मी हा डबा घ्या असं सांगणार नाही. खिडकीची जागा मिळाली तर साध्या डब्यात वाराही लागतो, चिक्कीही मिळते. येताना आम्ही तसेच आलो, आणि बारावीच्या पोरीसाठी उरलेल्या पैशांत एक गाईड घेतलं.

कल्याणला उतरलो तेव्हा मामू न्यायला आले होते. रिक्षात अम्मीने तिकिटाचे पैसे विचारले. मी निम्मे सांगितले.

"खोटं बोलतेस," ती म्हणाली, आणि मामूंना नानांच्या कंदिलाचं विचारायला लागली, तो त्यांच्याकडे आहे की धाकट्याने नेला.