बॅग हलकी, सफर सोपा

निघण्याच्या दोन दिवस आधी अम्मींची बॅग आम्ही बशीरगंजमधल्या ओळखीच्या किराणा दुकानात नेली आणि मोठ्या काट्यावर ठेवली. एकतीस किलो भरली. तिकिटावर माणशी 23 किलोच लिहिलेले. दुकानदार हसून म्हणाला, "मास्तर, उमऱ्याला चाललात की बिऱ्हाड हलवताय?"

2023 च्या दिवाळीच्या सुटीत आम्ही तिघे उमऱ्याला निघालो होतो. अम्मी, घरातल्या मंडळी आणि आम्ही. पगारातून दरमहा थोडे थोडे बाजूला टाकत पाच वर्षांत पैसा जमला होता. त्यामुळे तिकडे एकही रियाल फुकट जाऊ नये, ही अम्मींची काळजी. "वहाँ सब महंगा रहता बेटा, यहीं से लेके चलो," हे त्यांचे एकच म्हणणे. बॅगेत पाच किलो तांदूळ, तूरडाळ, लोणच्याची बरणी, तीन चादरी, सहा जोड चपला, साबणाच्या वड्या आणि येसूरचा डबा, असे सगळे होते.

अम्मींचे चुकत नव्हते. त्या आपल्या सासऱ्यांचा सफर डोळ्यांसमोर ठेवून बोलत होत्या. आमचे दादाजान मुंबईहून जहाजाने हजला गेले होते. त्या काळी कितीतरी दिवस समुद्रावर जायचे आणि तिकडचा मुक्कामही लांबलचक असायचा. परकीय चलन हातात मोजकेच मिळे. 1959 साली रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी वेगळ्या नोटाच काढल्या होत्या. त्यांच्या क्रमांकाआधी 'एचए' ही अक्षरे असत. खिशात पैसा मोजका असला की पेटीत धान्य न्यावेच लागे. दादाजानची ती पत्र्याची पेटी आजही घरात आहे, तिच्यात गोधड्या असतात. जहाजाचा सफर 1995 मध्ये बंद झाला, पण पेटी भरण्याची सवय आपल्या घरांतून गेली नाही.

त्या रात्री आम्ही बॅग रिकामी केली आणि सामानाचे तीन ढीग केले. न्यायचेच, तिकडे घ्यायचे, आणि न्यायचेच नाही.

तिसऱ्या ढिगात सगळ्यात आधी येसूर गेला. हज करून आलेल्या शेजारच्या खालाजान तेवढ्यात आल्या होत्या. त्यांनी डबा उघडून वास घेतला आणि विचारले, "खसखस डाली क्या इसमें?" अर्थातच होती. आपल्याकडे मसाल्यात खसखस असतेच, पण सौदी अरबमध्ये तिच्यावर बंदी आहे. अफूच्या बोंडातली म्हणून तिथे ती नशेच्या पदार्थांत धरतात. मसाल्यात, हलव्यात, लाडवात चिमूटभर सापडली तरी माणूस अडचणीत येतो. अम्मींनी दोन दिवस खपून कुटलेला येसूर होता तो. त्या काही बोलल्या नाहीत, डबा उचलून परत फळीवर ठेवला. गुटखा, तंबाखूच्या पुड्या आणि दुसऱ्याने 'आमच्या माणसाला द्या' म्हणून दिलेली बंद पार्सलेही याच ढिगातली.

पहिला ढीग लहान, पण पक्का. एहराम इथूनच घ्यावा. विमान जेद्दाला उतरण्याआधीच मिकातची हद्द ओलांडते, म्हणून एहराम त्याआधीच अंगावर हवा आणि नियतही झालेली हवी. तो मोठ्या बॅगेत टाकू नये, कारण ती बॅग विमानाच्या पोटात जाते. एहराम हातातल्या पिशवीत ठेवावा. आम्ही मुंबईच्या विमानतळावरच बांधला. बिनवासाचा साबण आणि व्हॅसलीनही इथूनच न्यावे, कारण पोहोचताच उमरा करायचा असतो आणि एहरामात सुगंध चालत नाही. अम्मींच्या बीपी-शुगरच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आणि वर आठ दिवसांच्या घेतल्या. मूळ पाकिटातच ठेवल्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवली. तिकडे तीच गोळी वेगळ्या नावाने मिळते, म्हणून औषधाच्या बाबतीत स्वस्त-महाग पाहू नये. अम्मींचा जुना चष्मा आणि नेहमीची एक जोड चप्पलही घेतली.

बाकी सगळे तिकडे घ्यायचे ठरले. अम्मींची बॅग चौदा किलोंवर आली. चेहरा मात्र उतरला होता.

मक्केत पहिल्याच दिवशी हरम शरीफच्या दाराशी अम्मींची चप्पल हरवली. लाखोंच्या गर्दीत हे होतेच. गरम फरशीवर त्यांना अनवाणी कसे चालवायचे? समोरच्या चकचकीत इमारतीतल्या दुकानात साध्या चपलेला पंचेचाळीस रियाल सांगितले. रियाल तेव्हा बावीस रुपयांच्या आसपास होता. अम्मींनी मनात हिशोब केला आणि आमच्याकडे पाहिले. 'सांगितलं होतं ना' हे त्या नजरेतच होते.

तेवढ्यात आमच्या हॉटेलात काम करणारा एक तरुण भेटला. केजकडचा निघाला. म्हणाला, "मास्तर, हरमच्या दारात काही घ्यायचं नाही. इब्राहिम खलील रोडनं मिस्फल्याकडं पंधरा मिनिटं चाला, मग बघा." आम्ही गेलो. तिथे दुकानांवर उर्दू पाट्या, गल्ल्यावर कुणी बांगलादेशी, कुणी पाकिस्तानी, कुणी हैदराबादी. तशीच चप्पल दहा रियालला मिळाली. छत्री दहाला, पाणी फवारायची बाटली तीनला, चपला ठेवायची दोरीची पिशवी दोनला. ही पिशवी सगळ्यांत मोलाची. चप्पल तिच्यात घालून सोबतच न्यायची, म्हणजे हरवण्याचा प्रश्नच नाही. 'सब दो रियाल' म्हणणारी दुकानेही असतात. कंगवा, सुई-दोरा, नेलकटर, साबण तिथेच घ्यावे. आपल्या चार्जरची पिन तिथल्या चौकोनी छिद्रांत बसत नाही. तो जोडही याच दुकानांत मिळतो.

खाण्याचेही तसेच. किराणा दुकानाला तिकडे बकाला म्हणतात. ताक, दही, केळी, अंडी सगळे तेव्हा मिळायचे. भट्टीतली तमीज नावाची मोठी रोटी एक घेतली की आम्हा तिघांचा नाश्ता व्हायचा. तांदळाचे ओझे नेले असते तर शिजवायला जागाही नव्हती. छापील किमतीत तिथला 15 टक्के कर धरलेला असतो, पण बाहेरच्या बाजारात भाव करता येतो.

इथेच आम्ही घसरलो. स्वस्ताई सापडली आणि तिची चटक लागली. एका दुपारी नातेवाइकांसाठी जानमाज आणि तस्बीह घेत होतो. दुकानदार प्रत्येकी पंधरावर अडलेला, आम्ही तेरावर. अजान झाली तरी बोलणे चालूच. शटर ओढून दुकानदार स्वतः नमाजला निघाला, तेव्हा आम्ही भानावर आलो. धावलो, पण हरमपर्यंत पोहोचेतो असरची जमात संपली होती. हरममधल्या एका नमाजीचा सवाब इतर ठिकाणच्या लाख नमाजींइतका, असे हदीसमध्ये आले आहे. वर्गात मुलांना हे आम्हीच शिकवतो. अम्मी एका खांबाला टेकून आमची वाट पाहत होत्या. हळूच म्हणाल्या, "दो रियाल बचाए बेटा, जमात गई." इतक्या वर्षांच्या मास्तरकीत इतकी लाज कधी वाटली नव्हती. तो सौदा आम्ही पुन्हा केला नाही.

त्यानंतर नियमच केला. बाजार एकदाच, इशाच्या नमाजनंतर, हातात यादी घेऊन. यादीबाहेर काही नाही. तस्बीह उलटून पाहिल्या तर बहुतेक चीनच्या. त्या इथेही मिळतात. भेट म्हणून फक्त खजूर न्यायचे ठरले, तेही शेवटी मदिना मुनव्वरामध्ये, म्हणजे ओझे फिरवायला नको. अजवा महाग, म्हणून ती थोडी घेतली. वाटायला सफावी. जमजमचे बंद डबे विमानतळावर मिळतात. ते पाणी बाटल्यांत भरून कपड्यांच्या बॅगेत टाकू नये, विमान कंपन्या काढायला लावतात.

बीडला परतल्यावर कुणाला सात खजूर, कुणाला घोटभर जमजम दिले. कुणी काही म्हणाले नाही. तोहफ्यांचे दडपण आपल्याच मनात असते.

मागच्या महिन्यात गल्लीतले एक जोडपे उमऱ्याला निघाले. त्यांनी अम्मींना यादी विचारली. पलंगावर बसून, पायातली तीच दहा रियालची चप्पल हलवत अम्मी सांगत होत्या, "एहराम, दवा, चप्पल की थैली. बाकी वहाँ मिलता. और अजान हुई तो दुकान से निकल जाना."

अल्लाह तआला आपणा सर्वांना ही जियारत नसीब करो. आमीन.